चार, चारा आणि तरीकेरेची कोकरं

बेंगळुरू या नावातच ळ आहे. शहराचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदललं, पण कन्नड माणसाच्या तोंडी ते आधीपासून बेंगळूरुच होतं. उत्तरेतून नोकरीसाठी आलेला माणूस वर्षानुवर्षं 'बेंगलुरु' म्हणत राहतो. पुण्याहून किंवा सोलापुराहून आलेला मराठी माणूस मात्र पहिल्या दिवसापासून ळ नीट म्हणतो, कारण तो त्याच्या जिभेवर लहानपणापासून बसलेला असतो. मराठी आणि कन्नड या शेजारणींमध्ये जे बरंच काही सामाईक आहे, त्यात हा ळ फार महत्त्वाचा.

म्हणूनच मुलांचे उच्चार सुधारण्यासाठी जी वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, ती बेंगळुरूतल्या मराठी घरात जशीच्या तशी चालतील का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दिल्लीत किंवा लखनौत वाढणाऱ्या मराठी मुलाचा ळ आधी जातो: 'शाळा'चं 'शाला' होतं, 'वेळ'चा 'वेल' होतो. बेंगळुरूत तसं घडण्याचं कारण नाही. रस्त्यावर, बसमध्ये, वर्गात ळ सतत कानावर पडतो. इथे घसरण्याची शक्यता आहे ती दुसऱ्याच ठिकाणी, जिथे मोठ्यांचं सहसा लक्ष जात नाही. 'चार' आणि 'चारा' हे दोन शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहिले की ती जागा सापडते.

'चार' म्हणताना जिभेचा पुढचा पसरट भाग टाळूला लागतो. 'चारा' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं आणि त् व स् जुळून आल्यासारखा आवाज निघतो. देवनागरीत दोन्हींना अक्षर एकच, च. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हा फरक कोणी शिकवत नाही, तो ऐकून कळतो. 'जग' हा शब्द तर लिहायलाही तोच: जग म्हणजे दुनिया तेव्हा ज तालव्य, आणि 'सुखानं जग' असा आशीर्वाद देताना तो दातांजवळचा. बेंगळुरूच्या कन्नडमध्ये च आणि ज एकाच प्रकारचे, तालव्य. शाळेच्या इंग्रजीतही शब्दाच्या सुरुवातीला दातांजवळचा च नाही. मग दिवसाचे आठ-दहा तास या दोन भाषांत घालवणारं मूल घरी येऊन 'चांगलं' आणि 'चाक' हे शब्द 'चार'मधल्या चनं म्हणू लागलं, तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या कानाला तो दुसरा च पुरेसा मिळालेला नसतो.

या प्रकारच्या वाक्यांना मराठीत एकच ठरलेलं नाव नाही. कोणी जीभ वळवणारी वाक्यं म्हणतं, कोणी बोबडी वळवणारी, आणि हल्लीची मुलं सरळ टंग ट्विस्टर म्हणतात. 'बोबडी वळणे' हा वाक्प्रचार मराठीत भीतीशी जोडलेला आहे. समोर वाघ उभा राहिला की माणसाची बोबडी वळते. तीच गत हसतखेळत, मुद्दाम ओढवून घ्यायची, हा या खेळाचा गाभा. इंग्रजीत मात्र या वाक्यांचा संबंध शिस्तीशी फार लवकर जोडला गेला. लंडनमध्ये १८१३ साली जॉन हॅरिस या प्रकाशकानं 'पीटर पायपर' नावाचं जे पुस्तक काढलं, त्याच्या लांबलचक शीर्षकातच शुद्ध आणि अचूक उच्चारांची तत्त्वं शिकवण्याचा दावा होता, आणि ते शीर्षकही बहुतेक प या एकाच अक्षराभोवती रचलेलं होतं. इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांसाठी त्यात एकेक कडवं होतं. मराठी वाक्यं अशी छापून आली नाहीत. ती आजीच्या, मावशीच्या, शाळेतल्या बाईंच्या तोंडून आली, आणि अजूनही तशीच येतात.

त्यातलं सर्वांत छोटं आणि सर्वांत हुशारीनं रचलेलं वाक्य म्हणजे 'चटईला टाचणी टोचली'. तीनच शब्द, आणि तरी पाच वेळा भरभर म्हणताना मोठी माणसं अडखळतात. कारण त्याच्या रचनेत आहे. 'चटई'मध्ये आधी च, मग ट. 'टाचणी'मध्ये आधी ट, मग च. 'टोचली'मध्ये पुन्हा ट, मग च. पहिल्या शब्दानं जिभेला एक क्रम शिकवला आणि लगेच दुसऱ्यानं तो उलटा केला. जीभ पहिल्या क्रमाला धरून बसते आणि 'टाचणी'ची 'चाटणी' होते. आणखी एक सापळा वाक्याच्या टोकाला आहे. पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचं, तर 'टोचली'च्या मागोमाग 'चटई' येते, म्हणजे क्रम परत फिरतो. एकदा म्हणणाऱ्याला हे वाक्य सोपं वाटतं, सलग म्हणणाऱ्याला नाही.

'कच्चा पापड, पक्का पापड' या जोडीची युक्ती वेगळी. इथे 'पापड' हा शब्द दोन्हीकडे तसाच राहतो आणि त्याच्या आधीचा शब्द बदलतो. 'कच्चा'त क पुढे आणि च्च मागे. 'पक्का'त प पुढे आणि क मागे, तोही दुप्पट जोरानं. क एकदा दारात उभा, एकदा परसात. वेग वाढला की 'पच्चा पापड' किंवा 'कक्का पापड' तयार होतो. हे वाक्य हिंदीतही तितकंच लोकप्रिय आहे, त्यामुळे बेंगळुरूतल्या कुठल्याही सोसायटीच्या मैदानात चार भाषांची मुलं ते एकत्र म्हणू शकतात.

उच्चारांच्या दृष्टीनं सर्वांत श्रीमंत मराठी वाक्य मात्र 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हेच. 'काळे', 'राळे' म्हणताना शब्दाच्या दुसऱ्या जागी ळ येतो, हे जिभेनं गृहीत धरलेलं असतं. 'गोरे' आलं की त्या जागी र येतो. म्हणून पहिली चूक हमखास तिथेच, 'गोळे राळे'. त्यातून सुटलेला माणूस शेवटच्या 'मिसळले'त सापडतो, कारण तिथे ळ आणि ल शेजारीशेजारी बसले आहेत. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, आणि पुढच्याच क्षणी ते सुटून दातांमागे यायला हवं. हिंदी वातावरणातला मुलगा 'मिसलले' म्हणतो, घाई झालेला मराठी मुलगा 'मिसळळे' म्हणतो. दोघांच्या चुका वेगळ्या आहेत आणि त्यांवरचा सरावही वेगळाच असायला हवा.

या तिन्हींच्या तुलनेत 'काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कात्रीनं कराकरा कापले' हे वाक्य लांबीनं दिसतं तेवढं अवघड नाही. त्यात क सतत येतो, पण क ला प्रतिस्पर्धी नाही. एकच अवयव एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवणं जिभेला जमतं. असं वाक्य श्वास पुरवण्यासाठी चांगलं: एका दमात शेवटपर्यंत जाणं, शेवटचा 'कापले' पहिल्या 'काकां'इतकाच स्पष्ट ऐकू येणं. एक अक्षर जास्तीत जास्त वेळा आलं की वाक्य कठीण, हा समज अनेक हौशी रचनाकारांचा असतो आणि त्यामुळेच त्यांची वाक्यं लांब होतात, कठीण होत नाहीत. कठीणपणा येतो तो जवळजवळ सारख्या पण नेमक्या त्याच नसलेल्या दोन आवाजांच्या अदलाबदलीतून.

असं का होतं, याचं निम्मं उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. क-वर्ग कंठातला, च-वर्ग तालूचा, ट-वर्ग मूर्ध्याचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. उच्चारशास्त्राच्या जुन्या शिक्षाग्रंथांनी घशापासून ओठांपर्यंत तोंडाचा नकाशाच काढून ठेवला. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर बसवलेल्या विद्युतअग्रांच्या साहाय्यानं, बोलताना मेंदूचा कुठला भाग कधी जागा होतो याची नोंद केली. त्यात ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र यांच्या जागा स्वतंत्र दिसल्या, आणि आवाजांची मांडणी ते कुठल्या अवयवानं निघतात त्यानुसार झालेली आढळली. वर्णमालेचा तक्ता ज्यानं लहानपणी पाठ केला आहे, त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. एकाच अवयवाचे जवळचे आवाज लागोपाठ आले की त्यांची गल्लत होते. ओठांचा प आणि घशाचा ख मात्र एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्टेफनी शॅटक-हफनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाक्यांवरचं आपलं काम अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या परिषदेत मांडलं. त्यांना दिसलं, की घसरताना माणूस नेहमी एका आवाजाच्या जागी दुसरा टाकतो असं नाही. कधी दोन्ही आवाज जवळजवळ एकाच वेळी निघतात, ट आणि क एकमेकांवर चढतात. घरी भरभर बोलणाऱ्या मुलाचं ध्वनिमुद्रण हळू करून ऐकलं, तर अशा जागा कानाला सापडू शकतात. त्याहूनही नवल वाटावं असं एक निरीक्षण १९८२ सालचं आहे: अशी वाक्यं मनातल्या मनात वाचतानाही वाचकाचा वेग मंदावतो. ओठ मिटलेले असले तरी जीभ आतून वाचतच असते.

आता शहराकडे. मराठी इथे आली ती माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांबरोबर नव्हे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेनं बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये हा कवी होता. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकात संपादून प्रसिद्ध केला. जयराम स्वतः बारा भाषांत रचना करणारा, आणि त्या ग्रंथात वेगवेगळ्या भाषांतल्या समस्यापूर्तीचं वर्णन आहे. पावणेचारशे वर्षांपूर्वी या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, फारसी, संस्कृत एका बैठकीत ऐकू येत होत्या, असं चित्र त्यातून उभं राहतं. बेंगळुरूच्या बाजारातल्या दखनी बोलीत आजही 'नक्को' ऐकू येतं, आणि 'मैंच' म्हणताना शेवटी लावलेला च मराठीच्या 'मीच'मधून आलेला आहे. १९२० साली स्थापन झालेलं गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ शंभरी ओलांडून गेलं. म्हणजे इथल्या मराठी जिभेला शेजार काही आजचा नाही.

हा शेजार कुठे आधार देतो आणि कुठे पाय घसरवतो, याचा हिशेब मांडता येतो. ळ आणि ण या दोन्ही आवाजांना कन्नडचा भक्कम आधार आहे. कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध आणि 'हाळु' म्हणजे नासाडी. 'बेले' म्हणजे किंमत, 'बेळे' म्हणजे पीक, आणि त्यातला ए लांबवला की डाळ. दुकानात डाळीची किंमत विचारणाऱ्याला हे तिन्ही आवाज वेगळे ठेवावेच लागतात. कर्नाटक सरकारच्या २०१५ च्या कायद्यानं शाळांमध्ये कन्नड शिकणं आवश्यक झालं, त्यामुळे इथल्या मराठी मुलाला हा सराव आपोआप मिळतो. काळ-काल, माळ-माल, मूळ-मूल या जोड्या त्याच्याकडून घोटून घेण्यात वेळ घालवायची फारशी गरज नाही.

महाप्राणांचं तसं नाही. खरी, अस्सल कन्नड शब्दसंपत्ती ख, घ, थ, ध, भ यांच्यावाचून चालते. हे आवाज बहुतेक संस्कृतातून आलेल्या शब्दांबरोबर आले, आणि जुन्या म्हैसूर भागाच्या रोजच्या बोलण्यात ते बऱ्याचदा हलके होतात, 'धारवाड'चं 'दारवाड' होतं. ही त्या भाषेची घडण आहे, चूक नव्हे. पण मराठीत 'खाट' आणि 'काट', 'थर' आणि 'तर', 'धार' आणि 'दार' हे वेगळे शब्द आहेत, आणि इथे मुलाला मदत लागते. त्यासाठीचं साधन म्हणजे कागदाची एक पातळ पट्टी. ती ओठांसमोर चार बोटांवर धरायची आणि 'तर' म्हणायचं: पट्टी जेमतेम हलते. मग 'थर' म्हणायचं: पट्टी फडफडते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला महाप्राण म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येपेक्षा त्या पट्टीवरून लवकर कळतं.

शेजाऱ्यांची स्वतःची वाक्यंही मराठी मुलांनी शिकण्यासारखी आहेत. कन्नडमधलं सर्वांना ठाऊक असलेलं वाक्य चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या तरीकेरे गावाचं आहे: 'तरिकेरे एरि मेले मूरु करि कुरिमरि मेय्तित्तु.' तरीकेरेच्या तळ्याच्या बांधावर तीन काळी कोकरं चरत होती, एवढंच त्यात सांगितलं आहे. पण रचना पाहावी. जवळजवळ प्रत्येक शब्दात र आहे आणि त्याच्या आगेमागे क आणि म जागा बदलत राहतात. सगळ्या रांगेत एकच ल आहे, 'मेले'मधला, आणि तो दोन र च्या मधोमध बसवलेला आहे. जीभ इतकी र मध्ये रुळते, की 'मेले'चं 'मेरे' होऊन जातं. 'कुरिमरि'चं 'मरिकुरि' होणं ही त्यानंतरची पायरी. ज्या मराठी मुलाचा र अजून कच्चा आहे, त्याला 'काळे राळे'पेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडेल, कारण यात र ला विश्रांतीच नाही.

तमिळमधलं एक वाक्य केळ्याच्या सालीवरून घसरून पडणाऱ्या गरीब म्हाताऱ्याचं आहे. त्यात तो खास तमिळ ऴ पुन्हा पुन्हा येतो, जो ना धड ळ, ना धड र. बेंगळुरूच्या एका मराठी घरात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांना, म्हणजे रजनीकांतना, हा आवाज मोठेपणी कमवावा लागला. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, बेंगळुरूच्या बससेवेत वाहकाची नोकरी, मग मद्रासची चित्रपट संस्था. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्यांना तमिळ शिकून घ्यायला सांगितलं, आणि १९७५ साली 'अपूर्व रागंगळ'मधून ते पडद्यावर आले. पुढे त्यांच्या भरभर बोलण्याचीच नक्कल सगळ्या तमिळनाडूनं केली. विशी ओलांडल्यावरही जीभ नवं वळण घेते, याचं बेंगळुरूच्या मराठी माणसाला इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही.

मराठीतल्या त्या दुसऱ्या च ला मात्र कन्नडचा आधार नाही. तेलुगूत दातांजवळचा च आहे, कोंकणीत आहे. शेजारी तेलुगू किंवा कोंकणी कुटुंब असेल तर कानाला थोडी सोबत. पण मुख्य काम मराठी घरालाच करावं लागणार. पुण्या-मुंबईच्या मुलासाठी बनलेल्या वाक्यांत या कामाचं काही फारसं नाही, कारण तिथे ती गरजच पडली नव्हती. 'चटईला टाचणी टोचली' उपयोगी आहे, कारण टाचणी आणि टोचली या शब्दांत तो च आहे. पण त्यात तालव्य च समोर नाही, त्यामुळे फरक कानात ठसत नाही. बेंगळुरूसाठी नवी वाक्यं रचावी लागतील, आणि ती रचणं अवघड नाही.

उदाहरणार्थ: 'चार चाकांच्या गाडीतला चारा चिंचेखाली चोरला.' यात 'चार' तालव्य, 'चाकां' दातांजवळचा, लगेच 'च्या' पुन्हा तालव्य. मग 'चारा' दातांजवळचा, 'चिंचे' तालव्य, 'चोरला' परत दातांजवळ. सहा-सात पावलांत जीभ पाच वेळा जागा बदलते. ज साठी 'जगात जगायचं तर जरा जपून' हे पुरेसं आहे. त्यातला पहिला ज एकटा तालव्य आणि पुढचे तिन्ही दातांजवळचे. ध आणि द साठी 'धोब्यानं दोन धोतरं धुऊन दोन दोऱ्यांवर वाळत घातली', आणि ख-घ साठी 'खाटेखाली घागर, घागरीखाली खड्डा'. ही वाक्यं म्हणजे काही थोर साहित्य नव्हे, पण ती इथल्या जिभेच्या नेमक्या जागी बोट ठेवतात. प्रत्येक घरानं आपल्या मुलाची अडचण ऐकून अशी दोन वाक्यं बनवली, तर ती छापील यादीतल्या पन्नास वाक्यांपेक्षा जास्त कामाची ठरतील.

सराव कसा करावा, याबद्दल या शहरात दोन जुन्या विद्या हाताशी आहेत. पहिली वेदपठणाची. जटापाठात दोन पदं सरळ, उलट आणि पुन्हा सरळ म्हटली जातात. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक आणि पुन्हा एक-दोन-तीन असा क्रम असतो. हेतू मजकूर अबाधित ठेवण्याचा, पण जिभेला मिळणारा व्यायाम विलक्षण. तोच क्रम पापडाला लावून पाहावा: 'कच्चा पापड, पापड कच्चा, कच्चा पापड.' शब्द उलटून म्हटला की प्रत्येक जोडावरचं वळण वेगळं होतं, आणि पाठांतराच्या लयीवर तरून जाण्याची सोय राहत नाही.

दुसरी विद्या कोन्नकोल. कर्नाटक संगीतातले तालवाद्यांचे बोल तोंडानं म्हणण्याची ही कला. टी. ए. एस. मणी यांनी १९६४ साली बेंगळुरूत सुरू केलेल्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनमुळे या शहराचं नाव तिच्याशी जोडलं गेलं. 'तकिट' तीन मात्रांचा, 'तकधिमि' चारांचा. त साठी जिभेचं टोक, क साठी जिभेचा मागचा भाग, म्हणजे तीच अदलाबदल. पण इथे वेग मनाला येईल तसा वाढत नाही. तो पहिल्या कालातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेमका दुप्पट होतो, आणि हातावर ताल चालू असतो. वाक्यांच्या सरावात बहुतेक मुलं इथेच चुकतात: सुरुवात धडाक्यात आणि तिसऱ्या फेरीत गोंधळ. हातावर ताल धरून आधी एका टाळीला एक शब्द, मग एका टाळीला दोन, असं गेलं की वेग वाढला तरी अक्षरं सुटी राहतात.

वाणी आणि श्रवण तज्ज्ञ तोंडाच्या हालचाली तपासताना 'प-त-क' हे तीन आवाज भरभर, सलग म्हणायला लावतात. ओठ, जिभेचं टोक आणि जिभेचा मागचा भाग आळीपाळीनं किती चपळ चालतात, ते त्यातून कळतं. निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला साधारण पाच ते सात अवयव-बदल सहज करतो. मराठीला या तपासणीसाठी तयार शब्दच मिळालेला आहे. 'पटकन, पटकन, पटकन' असं म्हणून पाहावं. प ओठांचा, ट वळलेल्या टोकाचा, क मागचा, आणि अर्थही चपळाईचाच.

पण तपासणी वेगळी आणि उपचार वेगळे. हे या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित अंग आहे. तोतरेपणा असलेल्या मुलाला चारचौघांत 'कच्चा पापड' म्हणायला लावणं त्याच्या त्रासात भर घालतं. वेग हीच त्याची अडचण असताना त्याला वेगाची स्पर्धा लावायची नसते. लहान मुलांचा र तसाही उशिरा येतो. तीन वर्षांच्या मुलानं 'राम'ला 'लाम' म्हटलं तर काळजीचं कारण नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला बहुतांशी कळायला हवं. कळत नसेल तर तज्ज्ञांकडे जावं, आधी कान तपासून घ्यावेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌ आणि श्रवण संस्था १९६५ पासून हे काम करते, बेंगळुरूत निमहान्समध्ये वाणीविकार आणि श्रवणशास्त्राचा विभाग आहे, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. मराठी घरात मराठी बोललं म्हणून मुलाची वाणी गोंधळते, हा समज मात्र सोडून द्यावा. दोन-तीन भाषा ऐकत वाढणं या शहरात कितीतरी पिढ्या चालत आलं आहे.

रंगभूमीच्या लोकांना या वाक्यांचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. जे. पी. नगरातलं रंगशंकरा हे नाट्यगृह २००४ साली उघडलं. ते उभं करणाऱ्या अरुंधती नाग मुंबईत मराठी, गुजराती आणि हिंदी नाटकांत काम करून बेंगळुरूत आल्या आणि इथे कन्नड रंगभूमीच्या झाल्या. त्यांचे पती, अभिनेते-दिग्दर्शक शंकर नाग यांचीही सुरुवात मुंबईच्या मराठी रंगभूमीच्या सहवासात झाली. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणाऱ्या नटाला शब्दांचे अर्थ लवकर कळतात, पण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत व्यंजन पोचवायला जीभ नव्यानं तयार करावी लागते. मराठीत शब्दाच्या शेवटी व्यंजन थांबतं. कन्नडमध्ये त्याला उ जोडून 'बस्सु', 'कारु' होतं. मराठी नटानं कन्नड बोलताना तो उ खाल्ला, किंवा कन्नड नटानं मराठी बोलताना तो जोडला, की वाक्याची लयच बदलते.

नव्वदच्या दशकाअखेरीस आणि त्यानंतर इथे कॉल सेंटरं आली, आणि इंग्रजी उच्चारांचे वर्ग गल्लोगल्ली निघाले. तिथे मराठी मुलामुलींची अडचण ठरलेली असे: इंग्रजीतले दोन वेगळे व. मराठीनं लिहिताना 'व्ह' काढून एक वाट शोधली आहे, पण तो 'व्ह' बोलताना दातानं खालचा ओठ दाबायचा असतो, हे अनेकांना त्या वर्गातच प्रथम कळलं. इंग्रजीची वाक्यं घोटून घेणाऱ्या त्या तरुणांपैकी बरेच आता आईबाप आहेत. आरशासमोर बसणं, आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणं, हळूपासून सुरू करणं या सगळ्या सवयी त्यांच्याकडे आहेत. त्या इंग्रजीसाठी वापरल्या, तशा घरच्या च साठीही वापरता येतील.

या सरावाचा आणखी एक फायदा शब्दांचा. 'काळे राळे' म्हणणाऱ्या बेंगळुरूतल्या मुलाला राळे म्हणजे काय, हे बहुधा माहीत नसतं, पुण्यातल्यालाही नसतं. पण बेंगळुरूच्या मुलाच्या स्वयंपाकघरात ते असण्याची शक्यता जास्त. कर्नाटकात भरडधान्यांचा प्रसार जोरात आहे, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर प्रत्येक दुकानात ती मिळतात, आणि त्यातलं 'नवणे' असं लिहिलेलं पिवळसर, बारीक दाण्यांचं पाकीट म्हणजेच राळे. मूठभर दाणे ताटलीत ओतावेत, थोडे वरीचे पांढरे दाणे त्यात मिसळावेत, आणि मुलाला ते बोटानं वेगळे करायला सांगत वाक्य म्हणायला लावावं. 'गोरे'शी तो अडखळेल, थांबेल, पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल. आणि 'मिसळले' नीट निघेपर्यंत ताटलीतले दाणे पुन्हा एकत्र झालेले असतील.